टॅब घ्यावा की टचचा मोबाईल?



कापसाची पहिली वेचणी विकली, चार पैसे हातात आले, की घरात खरेदीचे विषय निघतात. पूर्वी रेडिओ, सायकल, शिलाई मशीन असे विषय निघत. आता पोरं म्हणतात, "पप्पा, टॅब घ्या, पडदा मोठा असतो." शेजारी म्हणतो, "टॅबच्या नादी लागू नका, चांगला टचचा मोबाईल घ्या." आणि घरधनी दोघांच्या मध्ये पैसे हातात धरून उभा! आमच्या कार्यक्रमात हा विषय एकदा थोडक्यात झाला होता. त्यानंतर, हे सारे लिहून द्या म्हणजे दुकानात जाताना जवळ ठेवता येईल, असे बऱ्याच जणांनी कळवले. म्हणून हे पत्रक.

सुरुवातीलाच एक प्रसंग सांगतो. बोरी काठच्या एका गावात एक आप्पा आहेत. वय साठीच्या पुढे, एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. साडेचार एकर कापूस, थोडा मका. मोबाईलवरची बारीक अक्षरे दिसत नाहीत म्हणून त्यांनी अमळनेरला जाऊन दहा इंची टॅब आणला. दुकानदाराने सिनेमा लावून दाखवला, चित्र झकास दिसले, आप्पा खूश. पुढे पीक पाहणी करायला टॅब घेऊन शेतात गेले आणि तिथे घोडे अडले. गटात उभे राहिले तरी टॅबला आपण कुठे आहोत हे कळेना. इंटरनेटही मिळेना. आप्पांनी मला फोन लावला तो त्यांच्या जुन्या बटणाच्या मोबाईलवरून. मी गेलो, टॅब उलटासुलटा करून पाहिला. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या भाच्याने नेमका प्रश्न विचारला, "भाऊ, यामा सिम बसस का?" सिम बसत नव्हते. खाच होती ती फक्त मेमरी कार्डाची.

आप्पांची पीक पाहणी शेवटी भाच्याच्या मोबाईलवरून झाली, कारण एका मोबाईलवरून एकापेक्षा जास्त खातेदारांची नोंद करता येते. पण मुदत संपायला दोनच दिवस राहिले होते. ही नोंद राहिली असती तर सातबाऱ्यावर कापूस लागला नसता. आणि २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कपास निगमने हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' या ॲपवर नोंदणी ठेवली होती, त्यासाठी कापसाखालच्या क्षेत्राची नोंद लागत होती. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला ८,११० रुपये होता. खुल्या बाजारातला भाव त्याखाली असेल तर क्विंटलमागे किती फरक पडतो याचा हिशेब तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे बघा, एका खाचेत सिम बसत नाही एवढ्याशा गोष्टीवर वर्षाचा कापूस अडू शकतो.

आता दोन्ही यंत्रांची नीट ओळख करून घेऊ.

टॅब म्हणजे काय, मोबाईल म्हणजे काय?

आतून पाहिले तर दोघे भाऊभाऊच. दोघांत तोच अँड्रॉइड, तीच ॲपे, तसाच काचेचा पडदा, तशीच बॅटरी. फरक जन्माचा आहे. मोबाईल जन्मला तो बोलण्यासाठी. इंटरनेट, कॅमेरा हे त्याला मागाहून चिकटले. टॅब जन्मला तो वाचण्या-पाहण्यासाठी. बोलणे त्याच्या नशिबी असेल किंवा नसेल.

ही दुफळी जुनी आहे. २००५ साली नोकिया कंपनीने ७७० नावाचे एक यंत्र काढले होते. खिशात मावेल असे, ४.१ इंची पडद्याचे. त्याला कंपनी 'इंटरनेट टॅब्लेट' म्हणत असे. मोबाईलची कंपनी असूनही त्यात सिम नव्हते. घरचे वाय-फाय असेल तर त्यावर चालायचे, नाहीतर खिशातल्या दुसऱ्या मोबाईलशी ब्लूटूथने जोडावे लागे. म्हणजे एका कामाला दोन यंत्रे. २००७ साली ॲपल कंपनीचा आयफोन आला. त्यात बोलणे, इंटरनेट आणि बोटाने चालणारा पडदा हे तिन्ही एकाच खोक्यात होते. लोकांनी काय पसंत केले ते आज सगळ्यांच्या खिशात दिसते.

आपल्या देशातही हा प्रयोग झाला. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी 'सिंप्युटर' नावाचा हातात धरायचा संगणक खेड्यातल्या माणसासाठी म्हणून तयार केला; २००४ मध्ये तो विक्रीला आला, पण फारसा खपला नाही. पुढे ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत 'आकाश' टॅब निघाला. सात इंची पडदा, विद्यार्थ्यांसाठी अत्यंत स्वस्त. पण सिम नाही, फक्त वाय-फाय. त्या काळी खेड्यात वाय-फाय कुठले? शिवाय त्याचा पडदा दाबून चालणारा होता, बोट टेकले की चालेल असा नव्हता. पोरांनी दाबून दाबून कंटाळा केला.

आणि आपल्या महाराष्ट्राचे उदाहरण हवे असेल तर वारणानगरचे घ्या. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगली भागातल्या ७० गावांत ऊस उत्पादकांसाठी संगणक केंद्रे बसवली गेली. मोठा गाजावाजा झाला. काही वर्षांनी अभ्यासकांनी पाहिले, तर शेतकऱ्याला त्यातून हवी होती ती माहिती मोजकीच: माझ्या उसाचे वजन किती भरले, माझ्या नावावर खत किती आहे. मग सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या संदेशावर तीच माहिती देऊन पाहिली, आणि ते काम झाले. पडदा केवढा मोठा आहे याच्यापेक्षा माहिती बांधावर पोहोचते की नाही, हे शेतकऱ्याने तिथे दाखवून दिले.

(जाता जाता सांगतो. संगणकाच्या धंद्यातली विप्रो ही कंपनी आपल्या अमळनेरातली. १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून तिची सुरुवात झाली, संगणकाकडे ती १९८० च्या सुमारास वळली. तेव्हा 'ही यंत्रे आपल्या भागातल्या माणसाची नव्हेत' असे कुणी म्हणू नये.)

सिम नसले तर काय काय अडते?

दुकानात टॅब दोन प्रकारचे मिळतात. एक फक्त वाय-फायचा, दुसरा सिमचा. वाय-फायचा स्वस्त असतो आणि दुकानात पुढे मांडलेला बहुधा तोच असतो. शेतात वाय-फाय नसते, म्हणजे तिथे या टॅबला इंटरनेट द्यायचे तर खिशात दुसरा मोबाईल हवा आणि त्यावर हॉटस्पॉट चालू करावा लागतो. हॉटस्पॉट चालू ठेवला की त्या मोबाईलची बॅटरी भराभर उतरते. म्हणजे विहिरीवर मोटर आहे, पण पाणी शेजाऱ्याच्या पाइपातून घ्यायचे, तशातली गत.

पैशांचे व्यवहार हा दुसरा अडसर. यूपीआयने पैसे देता-घेता यावेत म्हणून ॲप सुरू करताना त्या यंत्रातूनच बँकेकडे एक संदेश गुपचूप जातो. बँकेत नोंदवलेले सिम त्याच यंत्रात आहे की नाही याची ती खात्री असते. सिमच नसेल तर संदेश जाणार कसा? म्हणून वाय-फायच्या टॅबवर यूपीआय चालत नाही. ओटीपीचे मात्र वेगळे आहे. ओटीपी जुन्या बटणाच्या मोबाईलवर आला तरी तो आकडा पाहून टॅबवर टाकता येतो. आधारला कोणता नंबर जोडला आहे तेवढे आधी पाहून ठेवा. नंबर बंद पडलेला असेल तर टॅबही नको आणि मोबाईलही नको, आधी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घ्या.

सिमचा टॅब घेतला म्हणजे सगळे सुटले असेही नाही. काही टॅबांत सिम फक्त इंटरनेटपुरते चालते, साधा फोन लावता येत नाही. म्हणून दुकानदाराच्या तोंडच्या 'हो हो, सगळं चालतं' यावर जाऊ नका. आपले सिम काढा, टॅबमध्ये घालायला लावा, घरी फोन लावून बोला. आवाज ऐकू आला तरच पुढची बोलणी करा.

टॅबला शेत का सापडले नाही?

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण पुष्कळांची इथे गल्लत होते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) पीक पेरा लिहीत. आता शेतकऱ्याने स्वतः गटात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा असतो. तो फोटो त्याच जागी काढला आहे हे यंत्राला कळावे लागते. कसे कळते? आकाशात सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह फिरत असतात. ते सतत खुणेचे संदेश सोडतात. आपल्या यंत्रात जीपीएसची चिप असेल तर ती निदान चार उपग्रहांचे संदेश पकडते, कोणता किती उशिरा पोहोचला ते पाहते आणि त्यावरून आपली जागा काढते. मोजणीचा माणूस जसा ठरलेल्या खुणांपासून अंतरे घेऊन बांध काढतो, तोच हिशेब, फक्त खुणा आकाशात.

यात ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की, जागा काढायला इंटरनेट लागत नाही, चिप लागते. आजच्या टचच्या मोबाईलमध्ये ती असतेच. फक्त वाय-फायच्या काही टॅबांत ती असते, काहींत मुळीच नसते. ज्यांत नसते तेही गावात असताना जागा दाखवतात! कारण ते आसपासच्या वाय-फाय यंत्रांवरून अंदाज बांधतात. त्यामुळे दुकानात नकाशा उघडला की 'अमळनेर' बरोबर दिसते आणि आपण फसतो. शेतात आजूबाजूला एकही वाय-फाय नसते, तिथे अंदाज कशाचा बांधणार? आप्पांच्या टॅबचे नेमके हेच झाले.

चिप असलेल्या यंत्रातही मोबाईलचे इंटरनेट चालू असेल तर उपग्रह लवकर सापडतात. नसेल तर दोन-चार मिनिटे लागतात. तेव्हा दम धरा. लगेच 'हे बिघडलं' म्हणून बंद-चालू करत बसू नका. दाट निंबाखाली किंवा केळीच्या बागेत आत उभे राहू नका; मोकळ्या जागी या, यंत्र आकाशाकडे मोकळे धरा. ढगाळ हवेने बिघडत नाही, पण डोक्यावरच्या दाट पानांनी आणि पत्र्याने बिघडते.

पडदा, डोळे आणि ऊन

आता टॅबची बाजू घेतो, नाहीतर म्हणाल साहेब मोबाईलवाल्यांचे दलाल झाले.

पडद्याचे इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरपे मोजलेले असतात. म्हणून साडेसहा इंची मोबाईल आणि दहा इंची टॅब यांत दीडपट फरक आहे असे वाटते. पण चटईक्षेत्र काढून पाहा. मोबाईलचा पडदा भरतो साधारण १६ चौरस इंच, टॅबचा भरतो ४५ चौरस इंचांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ तिप्पट! ज्यांना जवळचे दिसत नाही, ज्यांना सातबारा, शासन निर्णय, औषधाच्या लेबलाचा फोटो मोठा करून वाचायचा आहे, त्यांना ही मोठीच सोय. एका गावात बचत गटाच्या बायकांनी टॅब घेतला आहे. ओट्यावर मध्ये ठेवून दहा-बारा जणी कामगंध सापळे कसे लावायचे याची चित्रफीत पाहत होत्या. मोबाईलवर ते होणे नाही. मोबाईल हा एकट्याने पाहायचा, टॅब चारचौघांत.

पण हाच पडदा उन्हात आणला की कथा बदलते. स्वस्त टॅबच्या पडद्याला उजेड कमी असतो. बाराच्या उन्हात त्यात आपलेच तोंड दिसते. म्हणून यंत्र पाहायचे ते दुकानाच्या सावलीत नव्हे. पायरी उतरून रस्त्यावर उन्हात या आणि तिथे वाचता येते का बघा. दुकानदार कुरकुर करील, करू द्या.

पडदा बोटाला कसा ओळखतो तेही सांगून ठेवतो. आताच्या काचेवर अगदी सूक्ष्म विजेचा भार असतो. बोट टेकले की त्यातला थोडासा भार बोट ओढून घेते आणि यंत्राला जागा कळते. मधे रबराचा हातमोजा आला की कळत नाही. घामाने, पाण्याने ओला हात असला की भलतेच उघडते. ज्यांच्या बोटांना विळ्या-कुदळीचे जाड घट्टे आहेत त्यांचेही बोट कधी कधी ओळखत नाही. त्यांनी करंगळीने किंवा बोटाच्या कडेने टेकवून पाहावे. दोष तुमचा नाही. आणखी एक. फवारणीच्या हातांनी पडद्याला अजिबात शिवू नये. पडदा मग कानाला लागतो, लहान पोरांच्या हातात जातो. फवारणी असेल त्या दिवशी यंत्र पिशवीत बांधून बांधावर ठेवा, हात साबणाने धुवा, मगच घ्या.

बॅटरी आणि मे महिना

मोबाईलची बॅटरी आजकाल ५,००० च्या आसपास असते, मोठ्या टॅबची सात-आठ हजारांची. आकडा मोठा दिसतो, पण पडदा तिप्पट आणि बॅटरी दीडपट हे विसरू नका. शिवाय स्वस्त टॅबचा चार्जर दुबळा असतो. पूर्ण भरायला तीन-चार तास घेतो. आपल्याकडे वीज किती वेळ सलग टिकते ते तुम्ही जाणताच. उलट, नुसता कपाटात ठेवला तर वाय-फायचा टॅब दिवसचे दिवस टिकतो, कारण त्याला टॉवर शोधत बसायचे नसते. शेताच्या टोकाला रेंज नसलेल्या जागी मोबाईलची बॅटरी लवकर उतरते ती या शोधाशोधीनेच.

उन्हाळ्याबद्दल मात्र दोघांनाही सारखीच तंबी. बहुतेक कंपन्या आपले यंत्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असे लिहितात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४२ च्या पुढे जातो. मी स्वतः एकदा मारवडकडे जाताना मोटारसायकलच्या हँडलला मोबाईल अडकवला होता, वर चार्जिंगही लावलेले. अर्ध्या रस्त्यात पडद्यावर 'फार तापला आहे' असा इशारा आला आणि यंत्र आपोआप बंद. पुढे तासभर माझा कुणाशी संपर्क नाही. तेव्हापासून उन्हात चार्जिंग लावत नाही आणि ट्रॅक्टरच्या पत्र्यावर मोबाईल ठेवलेला दिसला की उचलून सावलीत ठेवतो. तापलेले यंत्र माठाखाली, फ्रिजमध्ये ठेवू नये, आत दव धरते. सावलीत ठेवा, कव्हर काढा, आपोआप निवते. बॅटरी फुगून पाठ वर आलेली दिसली तर ते यंत्र वापरायचे नाही, उशाशी तर नाहीच नाही.

बोंडअळीचा फोटो

कपाशीवर काही दिसले की आम्हाला फोटो येतात. त्यांतले निम्मे ओळखू येत नाहीत. स्वस्त टॅबचा कॅमेरा जवळची वस्तू स्पष्ट धरत नाही, त्यामुळे डोमकळीचा फोटो पाठवला तर गुलाबी ठिपका आहे की पाकळीचा रंग, हे समजत नाही. मोबाईलचा कॅमेरा या कामी बराच सरस. तरी काढण्याची रीत हवी. आधी पूर्ण झाडाचा, मग पानाच्या वरच्या आणि खालच्या बाजूचा, मग उकललेल्या बोंडाचा, आणि शेवटी चार तासांचा मिळून शेताचा. अळीशेजारी काडेपेटी ठेवा म्हणजे आकार कळतो. सकाळी किंवा उतरत्या उन्हात काढा. सोबत लिहा: वाण कोणता, किती दिवसांचे पीक, शेवटची फवारणी कशाची. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ किंवा जास्त पतंग आले का तेही लिहा, कारण फवारणीचा निर्णय त्यावर ठरतो.

मेघदूत ॲपवर (ते २०१९ मध्ये आले) मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा हवामान आणि शेती सल्ला येतो. वीज पडण्याची सूचना देणारे 'दामिनी' ॲप पुण्याच्या संस्थेने केले आहे. कृषी विभागाचे 'महाविस्तार' २०२५ मध्ये आले, त्यात मराठीत प्रश्न विचारता येतात. मेघदूत आणि महाविस्तार घरच्या वाय-फायवर टॅबमध्येही नीट चालतात. पण 'दामिनी' टॅबमध्ये घरी ठेवून काय उपयोग? वीज शेतात गाठते. ते खिशातल्या मोबाईलवरच हवे.

आणि ज्यांच्याकडे यातले काहीच नाही त्यांनी खिन्न होऊ नये. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर २००४ पासून आहे, सकाळी सहा ते रात्री दहा, बटणाच्या मोबाईलवरूनही लागतो आणि पैसे पडत नाहीत.

घरात टॅब आधीच असेल तर

काही घरांत मुलाला किंवा मुलीला परीक्षेच्या तयारीसाठी महाज्योतीसारख्या संस्थेकडून टॅब मिळालेला असतो. वडील म्हणतात, आहेच घरात तर आपणही वापरू. वापरा, पण बेताने. तो पोराच्या अभ्यासाचा आहे. संध्याकाळी हवामान पाहिले, बाजारभाव पाहिला, सातबारा काढला, एवढे ठीक. दिवसा शेतात नेऊ नका. पडला तर काच फुटते आणि टॅबची काच बदलणारा दुरुस्तीवाला लवकर मिळत नाही. मोबाईलचे दुरुस्तीवाले गल्लीगल्लीत आहेत. परीक्षा तोंडावर असताना पोरीचा टॅब मोडला तर त्याची भरपाई कुठल्याच योजनेत नाही.

पैशांच्या सुरक्षेच्या दृष्टीने मात्र असा सिम नसलेला टॅब एका परीने बरा. अलीकडे पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर एक फाईल येते, तिच्या शेवटी 'एपीके' असते. ती उघडली की मोबाईलमधले ओटीपी चोराला दिसू लागतात आणि खाते धुऊन निघते. सरकारी ॲप कधीही असे फाईलने येत नाही. ज्या यंत्रात बँकेचे सिम आहे ते पोरांच्या खेळायला देऊ नये. खेळ, चित्रफिती टॅबवर. बँकेचे काम मोबाईलवर. ही वाटणी घरात चांगली चालते. आणि तरीही पैसे गेलेच, तर लाजू नका, उशीर करू नका, लगेच १९३० ला फोन लावा.

मग घ्यावे काय?

माझे मत विचाराल तर असे. घरात एकही टचचे यंत्र नसेल आणि पैसे एकाचेच असतील, तर मोबाईल घ्या, आणि त्याची अक्षरे मोठी करून घ्या. सेटिंगमध्ये 'डिस्प्ले'खाली अक्षरांचा आकार वाढवता येतो. दहापैकी आठ म्हाताऱ्यांची तक्रार तेवढ्याने मिटते. घेताना रॅम निदान ४ जीबी असावी आणि अँड्रॉइड अलीकडचा असावा. जुन्या अँड्रॉइडवर काही वर्षांनी बँकेची आणि सरकारी ॲपे चालेनाशी होतात, मग यंत्र धडधाकट असून निकामी. घरात चांगला मोबाईल आधीच आहे, आणि मोठ्या पडद्याची खरी गरज आहे (म्हातारे डोळे, शिकणारी मुले, बचत गट), तर टॅब जरूर घ्या. जमल्यास सिमचा आणि जीपीएसचा. दोन्ही एकदम कर्जाने घेऊ नका. हप्त्यावर घेतलेल्या मोबाईलचे हप्ते आणि खरिपाचे बियाणे एकाच महिन्यात अंगावर येतात, हे दरवर्षी पाहतो.

जुने, वापरलेले यंत्र घेत असाल तर जपून. मोबाईलवर *#०६# दाबले की पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. केवायएम लिहून, जागा सोडून तो क्रमांक टाका आणि १४४२२ वर संदेश पाठवा. यंत्र चोरीचे असेल तर कळते. वाय-फायच्या टॅबला हा क्रमांक नसतो, म्हणजे हरवला तर मोबाईलसारखा सरकारकडून बंद करून घेता येत नाही. हाही एक फरक, दुकानदार सांगत नाही.

पक्की पावती घ्या. तिच्यावर तो क्रमांक लिहून घ्या. घरी आल्यावर तोच क्रमांक सातबाऱ्याच्या फाईलमध्येही टिपून ठेवा.

आप्पांचे पुढे काय झाले, असे पुष्कळ जण विचारतात. टॅब त्यांनी परत केला नाही. दुकानदाराने तो घेतलाही नसता. तो आता ओसरीत असतो, नातवंडे आणि आप्पा मिळून संध्याकाळी त्यावर भावाचे आकडे आणि कीर्तन पाहतात. पीक पाहणीसाठी भाच्याचा मोबाईल ठरलेला आहे. येत्या हंगामात मुदत सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात करू, शेवटच्या दोन दिवसांवर ठेवणार नाही, असे त्यांनी मला सांगितले आहे. तारखा दर हंगामात बदलतात. तुमच्या गावच्या मुदतीची तारीख ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे किंवा आमच्या तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्यावी. नवे यंत्र घेतले असेल तर येताना ते, आधारचा नंबर असलेला मोबाईल आणि चार्जर बरोबर आणावा; बसून सुरू करून देऊ.